लाम्प्रेष्टांचा चुकलेला सूर

“परत का?”

प्रश्न बासूनच्या खुर्चीवरून आला. बासून म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीचं लाकडी वाद्य, आवाज घसा बसलेल्या भल्या गृहस्थासारखा. ते वाजवणारे हेर, म्हणजे श्रीयुत, लाम्प्रेष्ट मात्र भले वगैरे अजिबात वाटायचे नाहीत. वय चौसष्ट, कानामागे सदा पेन्सिल खोचलेली, निवृत्तीला महिना राहिलेला. माझ्याकडे ते असे बघायचे की मी त्यांच्या दारात उभी राहून भलत्याच कुणाचा पत्ता विचारतेय.

“माझा हात जरा उशिरा पडला,” मी म्हणाले. “चूक माझी. परत घेऊ या.”

“तुमचा हात वेळेवर पडला होता,” लाम्प्रेष्ट म्हणाले. “मी बघत होतो.”

हॉलमधली अठ्ठावन्न माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी छडी उचलली आणि तोच तुकडा परत सुरू केला. ट्रंपेट या खेपेलाही खालीच लागला. मी याही खेपेला काही बोलले नाही.

ही गोष्ट जून १९९९ची. जर्मनीत लिंडेनहाल नावाचं गाव आहे, एक कालवा, दोन चर्चं आणि गावाच्या मानाने जरा जास्तच मोठा वाद्यवृंद. त्या वाद्यवृंदाने मला, म्हणजे करुणा याकोब भिंगारदिवे हिला, वर्षभराच्या बोलीवर कंडक्टर म्हणून घेतलं होतं. आमच्या अहमदनगरला कंडक्टर म्हटलं की लोक विचारायचे, कुठल्या डेपोला? पप्पा शांतपणे सांगायचे, “साठ माणसं असतात तिच्याकडे. सगळ्यांना एकदम मुक्कामाला पोचवते.” त्यावर कुणी जास्त विचारायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी चर्चच्या शिष्यवृत्तीवर इथे आले ती ऑर्गन शिकायला. ऑर्गनवरून गेले गायकवृंदाकडे, तिथून छडी हातात आली. मग सहा वर्षं ऑपेराच्या तालमींना पियानो बडवत बसले आणि शेवटी हे गाव मिळालं. पण पक्कं नव्हतं. तिथली पद्धत अशी की वर्ष संपलं की वादकच चिठ्ठ्या टाकून ठरवतात, ही बाई हवी की नको. तीनातल्या दोघांनी ‘हो’ म्हटलं तर कायम. नाही तर माझा तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, तो ऑगस्टमध्ये संपणार होता. नगरला परतणं म्हणजे काही काळं पाणी नव्हे. आई-पप्पा होते, मिशनच्या शाळेत पेटी शिकवायचं कामही मिळालं असतं. फक्त एक होतं, नगरला वाद्यवृंद नव्हता. आणि साठ माणसांचा श्वास एकदम आत जाताना एकदा ऐकला की त्याशिवाय जगणं मला जमेल असं वाटत नव्हतं.

रविवारी मैफल होती, सोमवारी चिठ्ठ्या.

आता माझ्या गप्प बसण्याबद्दल सांगते. पप्पा नगरच्या चर्चमध्ये गायकवृंद बसवायचे. हातात लाकडी फूटपट्टी, समोर पंचवीस माणसं. मधल्या ओळीत सगुणाबाई, सत्तरीच्या, पाळकसाहेबांच्या विधवा. त्यांचा सूर तिसऱ्या कडव्यापर्यंत हमखास खाली घसरायचा. पप्पा फूटपट्टी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “माझंच चुकलं. पहिल्यापासून घेऊ.” सगुणाबाई लगेच पदर सारखा करायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि पुढच्या खेपेला नीट गायच्या. चूक कुणाची ते पंचवीसच्या पंचवीस जणांना कळायचं. बाईंकडे मात्र कुणी बघायचं नाही. मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढायची नाही, हे पप्पांनी मला कधी तोंडाने शिकवलं नाही. मी ते बघत मोठी झाले.

कानांचं म्हणाल तर कान मला देवाने भरपूर दिलेत. उलट त्रासच होतो. सूर चुकला की माझ्या डाव्या हाताची करंगळी आपोआप उडते. लहानपणी मैत्रिणी चिडवायच्या. इथल्या प्राध्यापकांनी तर एक अख्खं सत्र ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून ठेवली. सत्र संपलं, पट्टी निघाली, करंगळी पुन्हा उडायला लागली. मग मीच ती मुठीत दाबून धरायला शिकले आणि वाटलं, सुटले.

तर पप्पांची ती विद्या घेऊन मी जर्मनीत उभी राहिले. कुणाचंही चुकलं तरी, “माझा हात नीट नव्हता, परत घेऊ या.” घोळ एवढाच झाला की मी ‘चूक माझी’ म्हटलं की हे लोक त्यावर विश्वास ठेवायचे.

हे मला कळलं बुधवारी. पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुख एडिट ष्ट्रुवे मला तालमीनंतर कालव्याकाठच्या बेकरीत घेऊन गेल्या. पन्नाशीच्या, सरळ, मला आवडायच्या. कॉफी येईपर्यंतही त्या थांबल्या नाहीत.

“लोक म्हणतात, तुम्हाला ऐकू येत नाही.”

मला आधी वाटलं, बहिरेपणाबद्दल बोलतायत. त्यांनी समजावून सांगितलं. वाद्यवृंदात बोललं जात होतं की बाईंचा हात सुंदर आहे, स्वभाव चांगला आहे, पण कान नाहीत. काहीतरी बिनसलंय एवढं कळतं, कुणाचं आणि काय ते कळत नाही, म्हणून सगळं स्वतःवर घेऊन मोकळ्या होतात. आणि कान नसलेला कंडक्टर कोण ठेवून घेईल?

मी म्हटलं, दुसरे ट्रंपेट हेर क्नोल पहिल्या भागाच्या त्रेसष्टाव्या खणात आठवडाभर खाली लागतायत. (आमच्या कागदावर उभ्या रेघा मारून सुरांचे खण पाडलेले असतात, त्यांना नंबर असतात.) चेलोंमध्ये तिसऱ्या खुर्चीवरचे गृहस्थ हळू भागात दर वेळी केसभर आधी येतात. तुमच्याच मागच्या ओळीत एक जण ई तार मंगळवारपासून चढी लावून बसलाय. असं मी सांगत गेले आणि ष्ट्रुवेबाईंचा कप हातातच राहिला.

“मग बोलत का नाही?”

“ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत.”

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. कप खाली ठेवून म्हणाल्या, मी इतरांना सांगून उपयोग नाही, मी तुमच्या बाजूची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी ते तुमच्या तोंडून ऐकायला हवं. उद्याची तालीम शेवटची.

“हेर लाम्प्रेष्ट काय म्हणतात?” मी विचारलं. सगळ्यात जास्त धास्ती मला त्यांची होती. चाळीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेला माणूस, त्यांच्या मताला वजन होतं.

“लाम्प्रेष्ट काहीच म्हणत नाहीत,” ष्ट्रुवेबाई म्हणाल्या. “ते नुसते तुमच्याकडे बघत बसतात.”

ते ऐकून माझी उरलीसुरली आशाही गेली.

गुरुवारी सकाळी मी आरशासमोर उभी राहून वाक्य घोकलं. हेर अमुक, अमक्या खणात तुमचा सूर खाली आहे. मराठीत म्हणून बघितलं, जर्मनमध्ये म्हणून बघितलं. दोन्हीकडे ‘तुम्ही’च होतं, तरी दोन्हीकडे उद्धट वाटत होतं.

आणि तालीम सुरू झाली तर काय, कुणी चुकेचना. क्नोल त्रेसष्टाव्या खणात सरळ, चेलो वेळेवर. ष्ट्रुवेबाईंनी कुणाकुणाला टोकलं असणार. बोलायची तयारी करून आलेल्या माणसाला बोलायला काही मिळू नये, तशी माझी गत झाली. एक तास गेला. आम्ही शेवटच्या भागापर्यंत आलो. त्यातल्या एकशे चाळिसाव्या खणात सगळी वाद्यं एकदम, जोरात, एकाच स्वरमेळावर येऊन आदळतात. इतक्या गदारोळात एखादा सूर इकडचा तिकडे झाला तर फारसं कुणाला कळत नाही.

मला भातात खडा लागावा तसा तो लागला. कुणीतरी एफ शार्पच्या जागी साधा एफ, म्हणजे अर्धा सूर खालचा, वाजवत होतं. मी थांबवलं. आवाज कुठून आला ते शोधायची गरजच नव्हती. बासून. पहिली खुर्ची. हेर लाम्प्रेष्ट.

अठ्ठावन्न जणांत देवाला तेच सापडले.

“माझा हात…” मी म्हणाले आणि थांबले. “परत घेऊ या.”

परत घेतलं. परत एफ.

मी पुन्हा छडी उचलली. तिसऱ्यांदा घेतलं. एफ. लाम्प्रेष्टांच्या शेजारी कात्या बसायची, दुसरी बासून वाजवणारी, वय पंचवीस, त्यांचीच शिष्या. तिने मान खाली घातली. म्हणजे तिने ऐकलं होतं. ती बोलणार नव्हती. ते तिचे गुरू होते.

“परत का?” लाम्प्रेष्टांनी विचारलं. बासून त्यांनी मांडीवर उभी धरली होती. “मी कारण विचारतोय. मी चौसष्ट वर्षांचा आहे, माझ्याकडे फार वेळ नाही.”

मागे कुणीतरी हसलं. ट्रंपेटकडचे दोघे एकमेकांकडे बघत होते आणि त्या बघण्याचा अर्थ मला स्पष्ट दिसत होता. सोमवारच्या चिठ्ठ्या तिथेच लिहून होत होत्या. तरी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, “अजून एकदा, कृपा करून.”

चौथ्यांदा. एफ.

मी हात खाली आणला. सगुणाबाई डोळ्यांसमोर आल्या, त्यांचा पदर, त्यांचं ते घोटभर पाणी. आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस पदर सारखा करणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही तर तो रविवारी भरल्या सभागृहात हाच सूर वाजवेल, चाळीस वर्षांच्या शेवटच्या मैफलीत, आणि मी वर उभी राहून ते ऐकेन. याला मान देणं म्हणत नाहीत.

“हेर लाम्प्रेष्ट,” मी म्हणाले. आवाज रविवारच्या शाळेत वचन म्हणणाऱ्या मुलीसारखा येत होता. “एकशे चाळिसाव्या खणात तुम्ही एफ वाजवताय. तिथे एफ शार्प आहे. चारही वेळा एफच होता.”

कात्याची मान झटकन वर आली.

लाम्प्रेष्टांनी पुढ्यातल्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, “बरोबर. एफ शार्प.” कानामागची पेन्सिल काढून त्यांनी तिथे काहीतरी लिहिलं. शार्पची खूण म्हणजे चार रेघा, पण त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात कापत असेल, आणि मला भरून आलं.

पण तोंड एकदा उघडलं होतं, ते मिटेना. मी क्नोलना म्हटलं, आज तुम्ही त्रेसष्टाव्यात चांगले लागलात, पण मंगळवारी दोन्ही वेळा खाली होतात, रविवारी आजच्यासारखं करा. चेलोच्या तिसऱ्या खुर्चीला सांगितलं. मागच्या व्हायोलिनला ई तार रविवारी चढी ठेवू नका म्हटलं. वर्षभराचं साठलेलं सगळं नाव घेऊन, खण सांगून, सूर सांगून बाहेर पडलं. दहा मिनिटं बोलत होते मी. कुणी रागावलं नाही. उलट लोक पेन्सिली काढून भराभर लिहून घेत होते, आणि त्यांचे चेहरे खुलत चालले होते. मला हे जन्मात खरं वाटलं नसतं.

मग आम्ही तो खण वाजवला. लख्ख आला. संपल्यावर जमिनीवर बूट घासल्याचा आवाज सुरू झाला. वाद्यं हातात असल्यामुळे या लोकांना टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून शाबासकी द्यायची तर ते पाय घासतात. वर्षभरात माझ्यासाठी तो आवाज पहिल्यांदा झाला.

मधल्या सुट्टीत क्नोल शेजाऱ्याला हळूच म्हणत होते, बरं झालं म्हातारा निघालाय, आता कागदावरचे सूरही दिसेनात. माझे कान चांगले, मला ऐकू आलं. कात्या लाम्प्रेष्टांपासून लांब, खिडकीशी उभी होती. लाम्प्रेष्ट एकटेच बसून रेशमी फडक्याने बासून पुसत होते. मी गेले.

“मला माफ करा,” मी म्हणाले. “सगळ्यांसमोर बोलावं लागलं.”

“सगळ्यांसमोरच चुकलो होतो,” ते म्हणाले आणि पेटीचं झाकण लावलं.

दुपारी मी नगरला फोन केला. तिकडे दिवेलागण झाली होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. पप्पांना म्हटलं, आज मी एका मोठ्या माणसाची चूक सगळ्यांदेखत काढली.

“सूर खरंच चुकला होता?”

“हो. चार वेळा.”

“चार वेळा?” पप्पा म्हणाले. “चाळीस वर्षं वाजवलेला माणूस. एकच सूर. चार वेळा?”

“वय झालंय, पप्पा.”

“हं,” पप्पा म्हणाले. मग त्यांनी माझ्या जेवणाचं विचारलं आणि फोन आईकडे दिला.

रविवारची मैफल चांगली झाली. दुसऱ्या भागात बासूनला एकट्याने आठ खण आहेत. लाम्प्रेष्टांनी ते इतके स्वच्छ वाजवले की माझा हात क्षणभर मंदावला. शेवटच्या भागात एकशे चाळिसावा खण आला तेव्हा त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही, सरळ माझ्याकडे बघत एफ शार्प वाजवला. आणि मी, आता लिहितानाही कानशिलं तापतात, शाळेतल्या बाईंनी पोराला द्यावी तशी मान हलवून त्यांना पावती दिली. मनात म्हटलं, बघा, बोलले म्हणून सुधारले.

सोमवारी अठ्ठावन्न चिठ्ठ्या पडल्या. एकोणचाळीस हव्या होत्या, त्रेचाळीस ‘हो’ आल्या. ष्ट्रुवेबाईंनी येऊन मला मिठी मारली. मी घरी फोन केला तर आईला बोलवेना. लाम्प्रेष्टांची चिठ्ठी उरलेल्या पंधरांत असणार, हे मी धरूनच चालले होते, आणि त्यांना दोषही देत नव्हते.

जुलैत त्यांचा निरोप समारंभ झाला, केक आणि भाषणं. लोक चांगलंच बोलले, पण जरा जपून बोलले, आजारी माणसाबद्दल बोलतात तसं. निघताना ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “मी गेरहार्ड. आता ‘तू’ म्हणा.” त्यांच्यात मोठ्या माणसाने आपणहून ‘तू’ देऊ केलं म्हणजे तो मोठा मान असतो. मी हो म्हटलं. म्हणणं मात्र कधी जमलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

त्यानंतर दर नाताळला मी त्यांना कार्ड पाठवायचे, त्यांचंही यायचं, दोन ओळींचं. एका वर्षी मी धीर करून लिहिलं की त्या गुरुवारबद्दल माझ्या मनात अजून खंत आहे. उत्तर आलं, “त्या दिवशी तुझंच बरोबर होतं. गे. ला.” ते वाचून मला हलकं वाटलं होतं. २०११मध्ये ते गेले. मी लिंडेनहाल सोडून तोवर लांबच्या एका शहरात काम करत होते, मला जाता आलं नाही.

पुढे मी विद्यार्थ्यांना शिकवायला लागले तेव्हा त्यांना दर वर्षी ही गोष्ट सांगायचे. नाव घ्या, खण सांगा, सूर सांगा, आडपडदा ठेवू नका. एक म्हातारे बासूनवाले होते, नजर अधू झालेली, त्यांना कुणी सांगायला धजत नव्हतं, मी सांगितलं, आणि रविवारी बघा कसे वाजवून गेले. पोरं वहीत लिहून घ्यायची. चोवीस वर्षं मी हे सांगत होते.

गेल्या वर्षी लिंडेनहालने मला पाहुणी म्हणून बोलावलं. वाद्यवृंदाला शंभर वर्षं झाली होती आणि त्यांनी आम्ही तेव्हा वाजवलेली तीच सिंफनी निवडली होती. कागदांचा तोच जुना संच त्यांनी कपाटातून काढला होता, तेव्हापासून तो बाहेर आलाच नव्हता. लाम्प्रेष्टांच्या खुर्चीवर आता कात्या बसते. केस पिकलेत तिचे, चष्मा लागलाय. पहिल्या तालमीच्या मधल्या सुट्टीत ती बासूनचा कागद घेऊन माझ्याकडे आली. तिने कागद पुढे धरला आणि एकशे चाळिसाव्या खणावर बोट ठेवलं.

छापलेल्या एफ शार्पच्या डोक्यावर पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, तीन ओळी होत्या. अक्षर मी ओळखलं, नाताळच्या कार्डांवरचं.

“इथे एफ वाजव. तिला ऐकू येतं, चुकलं की डाव्या हाताची करंगळी हलते. ती बोलेपर्यंत वाजव.”

त्याखाली, जरा घाईने, तिरकं, “१० जून. चौथ्या खेपेला बोलली.”

मी खुर्चीत बसले. करंगळी मी मुठीत दाबून धरायचे. वर्षभर बाकीच्या सत्तावन्न जणांपैकी कुणाला ती दिसली नव्हती. ज्या माणसाच्या नजरेची मला धास्ती वाटायची, तो माणूस वर्षभर माझी करंगळी बघत बसला होता.

“मला वाटलं, ते संपले,” कात्या म्हणाली. “मी महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. लाज वाटत होती मला त्यांची. त्यांनी मलासुद्धा सांगितलं नाही.”

“मलाही नाही.”

“एक वाक्य पुरलं असतं.”

पुरलं असतं, पण ते बोलले असते तर माझे कान खोटे पडले असते. लोक म्हणाले असते, दोघांनी ठरवून केलं. म्हणून त्या माणसाने चाळीस वर्षांचं नाव एका सुरात घालवलं आणि मुकाट्याने केक खाऊन घरी गेला. चूक स्वतःवर घेऊन दुसऱ्याची अब्रू राखायची ही रीत फक्त नगरच्या चर्चमध्ये आहे असं मी समजत होते. पप्पांना त्या दिवशी फोनवरच कळलं होतं. ‘हं’ म्हणून त्यांनीही झाकूनच ठेवलं.

त्या ओळी खोडायला लाम्प्रेष्टांना निवृत्तीपर्यंत महिना होता, आणि खोडरबर तर प्रत्येकाच्या पेटीत असतो. त्यांनी खोडल्या नाहीत. ते का, हे मी अजून स्वतःशी ठरवलेलं नाही. पण त्यांनी खोडल्या नाहीत म्हणून मला आज ऋण कुणाचं ते कळलं, आणि कळल्यानंतर फेडायला माणूस उरलेला नाही. मग निदान सांगत तरी सुटावं, म्हणून हे लिहिलं. विद्यार्थ्यांना पुढच्या वर्षी गोष्ट नीट सांगेन.

कात्याने विचारलं, कागद सांभाळणारा ग्रंथपाल म्हणतो जुन्या खुणा पुसून टाकतो, काय करू? मी म्हटलं, याला हात लावू देऊ नका.

सुट्टी संपली. आम्ही शेवटचा भाग घेतला. एकशे चाळिसावा खण आला, सगळी वाद्यं एकदम त्या स्वरमेळावर आली आणि त्यात कात्याचा एफ शार्प होता, जिथे असायला हवा तिथे, जितका असायला हवा तितका. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. तरी मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

लोक माझ्याकडे बघायला लागले. निम्मे तर मला ओळखतही नव्हते, नवी पोरं.

“परत का?” कात्याने विचारलं. कारण तिला माहीत होतं. तरी तिने विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“काही चुकलेलं नाही,” मी म्हणाले. “हेर लाम्प्रेष्टांचा तो चुकलेला सूर मला एकदा परत ऐकायचा आहे.”